विधिमंडळ, न्यायासन आणि शेजारची शाळा

शिक्षणहक्काच्या कायद्याखाली राज्य शासनाने केलेल्या नियमांतील एक दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्दबातल ठरवली, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु त्याच निर्णयाविषयी माझ्या दोन स्नेह्यांमध्ये जो मतभेद उत्पन्न झाला, तो पुढे कित्येक बैठकांतून चालू राहिला आणि त्या एका निर्णयापुरता मर्यादित न राहता, लोकशिक्षणाचे धोरण ठरवण्याचा अधिकार वस्तुतः कोणाचा, या मूळ प्रश्नापर्यंत जाऊन भिडला. यांपैकी एक उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वकिली केलेले गृहस्थ. दुसरे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून सारी हयात अध्यापनात घालवून निवृत्त झालेले गुरुजी. गरिबाच्या मुलाविषयीची कळकळ दोघांच्याही ठायी सारखीच आहे, आणि म्हणूनच त्यांचा वाद मला लिहून ठेवण्याजोगा वाटला.

प्रकरण थोडक्यात असे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या केंद्राच्या कायद्यातील बारावे कलम विनाअनुदानित खाजगी शाळांना पहिलीच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देण्याचे बंधन घालते, आणि त्या मुलांचा खर्च शासनाने शाळांना भरून द्यावा असे सांगते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल त्या शाळेला या बंधनातून मुक्त केले. मे महिन्यात न्यायालयाने या अधिसूचनेला स्थगिती दिली, जुलैमध्ये ती रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हात घालण्याचे नाकारले.

वकीलसाहेबांच्या मते यात वादाला जागाच नव्हती. ते म्हणाले, "गुरुजी, नियम हे कायद्याचे अपत्य, बापाने दिलेले वचन मुलाने परस्पर मोडावे हे कोणत्याही घरात चालत नाही, तर ते राज्यकारभारात कसे चालावे? संसदेने २५ टक्क्यांचे बंधन घातले ते बिनशर्त घातले. शेजारी सरकारी शाळा असेल तर हे बंधन नाही, असा एकही शब्द त्या कलमात नाही. नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला तो कायदा अमलात आणण्यासाठी. त्यात नवी अट घुसडण्यासाठी नव्हे. शिवाय हा फेरफार ना विधानसभेत चर्चिला गेला, ना विधानपरिषदेत. मंत्रालयातल्या दप्तरातून एक कागद निघाला आणि लाखभर मुलांच्या जागा एका रात्रीत नाहीशा होण्याची वेळ आली. आदल्या वर्षी सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच."

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले, "आणि माझे दुःख नेमके तेथेच आहे. तो निर्णय कायद्याच्या दृष्टीने चुकला असे मी म्हणतच नाही. परंतु त्या साऱ्या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरली होती, ती ही की जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल जाणे म्हणजे त्याच्या हक्काची पायमल्ली होणे. शासनाने आमच्या शाळेचे नाव पुढे केले ते पैसे वाचवण्यासाठी, आणि पालक न्यायालयात गेले ते आमच्या शाळेतून सुटण्यासाठी. एक किलोमीटरवर असलेली ती शाळा कशी आहे, तीत शिक्षक किती, वर्ग किती, छपराची स्थिती काय, हा प्रश्न त्या खटल्याचा विषय नव्हता आणि होऊही शकत नव्हता. न्यायालयापुढे जे मांडले जाते त्याचाच निवाडा होतो. धोरण म्हणाल तर ते संपूर्ण वस्तूकडे पाहून ठरवायचे असते."

"संपूर्ण वस्तूकडे पाहण्याचे काम ज्यांचे, त्यांनी ते केले असते तर न्यायालयाकडे कोण गेले असते?"

"केलेले आहे, वकीलसाहेब; आपल्याच भूमीत केलेले आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, आणि रयतेने भरलेल्या महसुलाचा विनियोग वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, असा हिशेबच सरकारपुढे ठेवला. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानाला लागू केला. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर इलाख्यात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. यांत कोठेही फिर्यादी नव्हता, प्रतिवादी नव्हता. राज्यकर्त्याने कायदा केला, तिजोरीतून पैसा काढला आणि गावोगाव शाळा उघडली."

वकीलसाहेबांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले, परंतु त्यांचे उत्तर तयार होते. "आपण संस्थानिकांची नावे घेतलीत, कायदेमंडळाचे घेतले नाहीत. त्याचे कारणही उघड आहे. नामदार गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. किती सौम्य विधेयक होते ते! सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोपवलेले, खर्चाचा वाटा ठरवून दिलेला, आणि तरीही १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आपण म्हणाल की ते परक्यांचे राज्य होते. ठीक, मग स्वराज्याचे पाहा. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. निदेशक तत्त्वांत मुदत घातलेले हे एकच तत्त्व आहे. ती मुदत १९६० च्या जानेवारीत संपली. पुढची तेहतीस वर्षे कोणत्याही विधिमंडळाला त्याची लाज वाटली नाही. अखेर १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की जगण्याच्या हक्कातच शिकण्याचा हक्क अंतर्भूत आहे आणि चौदा वर्षांपर्यंत तो प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क आहे. त्या एका वाक्याच्या रेट्याने २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती झाली, आणि तिच्या पोटी २००९ चा कायदा. न्यायालयाने धोरणात ढवळाढवळ केली असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा मनाशी जुळवून पाहावा."

येथे मला स्वतःला एक पुस्ती जोडावीशी वाटते, कारण या क्रमातील एक दुवा दोघांच्याही बोलण्यातून सुटला. न्यायालयाने १९९३ साली दिलेला हक्क चौदा वर्षांखालील सर्व बालकांचा होता. संसदेने २००२ साली तो घटनेत लिहून घेताना सहा ते चौदा या वयापुरता आकुंचित केला, आणि सहा वर्षांखालील बालकाला पुन्हा त्या ४५ व्या अनुच्छेदात, म्हणजे केवळ प्रयत्न करण्याच्या आश्वासनात, नेऊन बसवले. आज अंगणवाडीतल्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क नाही. बालशिक्षणावर आयुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडकांच्या महाराष्ट्राने या गोष्टीवर जेवढा आक्रोश करावयास हवा होता तेवढा केला नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

गुरुजींनी मात्र उन्नीकृष्णन खटल्याकडे निराळ्याच बाजूने पाहिले. "तो खटला प्राथमिक शाळेतल्या मुलाने लावला होता काय? वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या चालकांनी तो लावला होता. आदल्या वर्षी मोहिनी जैन प्रकरणात देणगीशुल्काविरुद्ध निर्णय झाला, त्याने त्यांच्या उत्पन्नाला धक्का बसला, म्हणून ते गेले. आमच्या मुलाचा हक्क त्या वादाच्या ओघात सिद्ध झाला, याबद्दल मी न्यायमूर्तींचा ऋणीच आहे. परंतु ज्याच्यापाशी वकिलाची फी देण्याचे सामर्थ्य आहे त्याच्या दाव्याच्या आधाराने गरिबाचे धोरण ठरावे, ही व्यवस्था मला भरवशाची वाटत नाही. आज ओघाने मिळाले, उद्या ओघाने जाईल."

"ज्यांच्यापाशी सामर्थ्य नाही त्यांच्यासाठी जनहित याचिका आहे. २०२४ च्या प्रकरणात संघटना आणि सामान्य पालकच गेले होते."

"गेले होते, कारण ते शहरांत होते."

यानंतर बोलणे १९५४ सालच्या एका प्रकरणाकडे वळले, आणि मला वाटते की साऱ्या वादाचे मर्म त्यात अधिक स्पष्ट झाले. त्या वर्षाच्या ६ जानेवारीला तत्कालीन मुंबई सरकारने परिपत्रक काढले की यापुढे इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन व अनाशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये. नाशिकजवळ देवळालीला बार्न्स हायस्कूल आहे; ते चालवणारी संस्था आणि ज्यांच्या मुलांना मज्जाव झाला ते पालक उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने फेब्रुवारीतच ते परिपत्रक मोडीत काढले, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

"सत्तर वर्षांचे अंतर आहे," वकीलसाहेब म्हणाले, "परंतु रीत तीच. १९५४ सालीही विधिमंडळाला न विचारता एक परिपत्रक निघाले. हेतू पाहिला तर उदात्त. देशी भाषांचा उत्कर्ष व्हावा हा. पण साधन कोणते, तर मुलाची भाषा आणि त्याचा वंश पाहून शाळेचे दार लावणे. घटनेच्या २९ व्या अनुच्छेदात हे बसत नाही. शिवाय ३३७ व्या अनुच्छेदाप्रमाणे अँग्लो-इंडियन शाळेला विशेष अनुदान हवे असेल तर ४० टक्के प्रवेश इतर समाजांना उपलब्ध ठेवावे लागत. म्हणजे घटनेने जे दार उघडे ठेवण्याची अट घातली होती, तेच दार सरकारने बंद करण्याचा हुकूम दिला. हेतू चांगला असला म्हणजे अधिकाराचे उल्लंघन क्षम्य ठरते, असे एकदा मानले तर पुढचा हेतू चांगला असेलच याची हमी कोण देणार?"

गुरुजी काही वेळ थांबले. नंतर म्हणाले, "त्या निर्णयाच्या न्याय्यतेविषयी मला शंका नाही. माझा प्रश्न त्यानंतर काय झाले हा आहे. परिपत्रक गेले, त्याच्या जागी काय आले? ज्यांना परवडत होते त्यांनी इंग्रजी शाळा धरली आणि मराठी शाळेवरचा समर्थ माणसाचा डोळा उठला. गावचा डॉक्टर, गावचा मामलेदार, गावचा वकील यांची मुले ज्या दिवशी माझ्या वर्गातून उठून गेली, त्या दिवसापासून छप्पर गळते हे सांगायला माणूस उरला नाही. हे न्यायालयाने केले नाही. पण न्यायालय हे थांबवूही शकत नव्हते, आणि ज्याला शक्य होते त्याने थांबवले नाही. आपण छागलासाहेबांचे नाव घेतले म्हणून सांगतो. तेच छागला पुढे केंद्राचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९६४ साली त्यांच्याच कारकिर्दीत कोठारी आयोग नेमला गेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव. आयोगाने १९६६ साली काय सांगितले? की शेजारच्या सर्व मुलांनी, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या, एकाच शेजारशाळेत शिकावे. आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा. याचा कायदा करण्यासाठी कोणत्या न्यायालयाची परवानगी हवी होती? न्यायमूर्ती म्हणून त्यांना जे करता येणे शक्य नव्हते त्याची योजना मंत्री म्हणून त्यांच्या काळात सिद्ध झाली, आणि ती विधिमंडळांच्या दारात पडून राहिली. २५ टक्क्यांचे कलम म्हणजे त्या महान कल्पनेचा उरलेला एक तुकडा आहे. वर्गाच्या चार भागांतला एक भाग गरिबांना द्या आणि त्याचे पैसे सरकारकडून घ्या, एवढेच आम्ही साठ वर्षांत मिळवले."

हे ऐकताना मला प्रथमच असे वाटले की वकीलसाहेबांचे उत्तर तोकडे पडणार. आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्यही केले. शेजारशाळेचा हुकूम देण्याचे सामर्थ्य न्यायालयात नाही, ते म्हणाले. अंदाजपत्रकातील रकमा कशा वाटाव्यात हे न्यायाधीशाने सांगू नये, आणि सांगितले तरी ते पाळले जाणार नाही. परंतु तो उरलेला तुकडाही कसा राखावा लागला याची आठवण त्यांनी करून दिली. राजस्थानातील खाजगी शाळांनी या कलमाला आव्हान दिले, तेव्हा २०१२ साली तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी ते वैध ठरवले, एकाने नाही. एका मताचा फरक. २०१४ साली ६ मे रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याकांच्या सर्व शाळा, अनुदानित असोत वा नसोत, कायद्याच्या कक्षेबाहेर काढल्या. आणि त्याच दिवशी त्याच पीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात असे ठरवले की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम मातृभाषाच असावे अशी सक्ती राज्याला करता येणार नाही. गोव्याने १९९० पासून धरलेला मार्ग निराळा होता: सक्ती न करता, अनुदान मात्र मराठी-कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच द्यावयाचे, परंतु २०११ साली तेथील सरकारने इंग्रजी शाळांनाही ते खुले केले, आणि त्यासाठी कोणत्याही न्यायालयाचा हुकूम लागला नाही.

"म्हणजे तुमचाच मुद्दा," वकीलसाहेब गुरुजींना म्हणाले. "न्यायालय मर्यादा आखते. त्या मर्यादेच्या आत काय करायचे ते सरकारच ठरवते, आणि बहुधा जे सोपे असेल तेच करते."

"आणि त्या मर्यादाही सर्वत्र एक नाहीत," गुरुजी म्हणाले. "एक किलोमीटरच्या नियमासारखीच तरतूद कर्नाटकाने आधी केली होती, आणि तेथील उच्च न्यायालयाने २०१९ साली ती मान्य केली. कागलच्या मुलाला जो हक्क आहे तो निपाणीच्या मुलाला नाही, कायदा मात्र दोघांना एकच. मला सांगा, हे धोरण म्हणावे काय? तशीच शिक्षकांची कथा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ठरवले की सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या शिक्षकाने दोन वर्षांच्या आत पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालीच पाहिजे, नाहीतर नोकरी जाईल. ज्याची नेमणूक त्या काळच्या नियमांप्रमाणे रीतसर झाली, जो वीस वर्षे वस्तीवरच्या शाळेत राबला, त्याला आता परीक्षेला बसवायचे."

"त्याच निर्णयात प्रमतीच्या निकालाविषयी शंका उपस्थित करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याचेही सुचवले आहे, हे विसरू नका. तो निकाल जर फिरला तर हजारो शाळांची दारे गरीब मुलांना उघडतील. आणि परीक्षेचे म्हणाल, तर चांगला शिक्षक हा मुलाच्या हक्काचा भाग नाही काय?"

"आहे. पण चांगला शिक्षक परीक्षेने होतो की प्रशिक्षणाने, हे न्यायालयाला कोण सांगणार? शासनाने सांगायचे होते. शासन गप्प राहिले."

शासनाच्या मौनाचा हा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि येथे मी माझे मत राखून ठेवणार नाही. या साऱ्या प्रकरणांत, १९५४ असो वा २०२४, शासनाची भूमिका प्रतिवादीची आहे, धोरणकर्त्याची नाही. खाजगी शाळांना प्रतिविद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये द्यावयाचे ठरले, आणि ती रक्कम वर्षानुवर्षे थकत गेली. थकबाकीमुळे शाळा कुरकुरू लागल्या, गरीब मुलांकडे ओझे म्हणून पाहू लागल्या. तेव्हा थकबाकी चुकती करण्याची तजवीज करण्याऐवजी बंधनच काढून टाकण्याचा मार्ग शोधला गेला आणि त्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेची सबब पुढे केली गेली. त्या शाळेवर खरोखर विश्वास असता तर तिच्यावर खर्च वाढवून, तिची पटसंख्या आपोआप वाढेल अशी स्थिती निर्माण करून, मग कायदा बदलण्याची मागणी उजळ माथ्याने संसदेपुढे नेता आली असती. न्यायालयाने ती सबब नाकारली हे योग्यच झाले. परंतु गुरुजींचे दुःखही तितकेच खरे आहे, कारण सबब नाकारली गेली तरी शाळा आहे तेथेच आहे.

शेवटच्या बैठकीत गुरुजींनी कमी पटाच्या शाळांचा विषय काढला. विसांहून कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने २०२३ साली मांडला, तेव्हापासून डोंगरकपारीतल्या वस्त्यांवर जी धास्ती पसरली आहे, तिचे वर्णन त्यांनी केले. "राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे लिहिले आहे ना? मग खाजगी शाळेला सोडवण्यासाठी जो किलोमीटर शासनाने मोजला, तोच किलोमीटर वस्तीवरच्या मुलासाठी मोजायला लावता येईल काय?"

"येईल," वकीलसाहेब तत्काळ म्हणाले. "कायद्याचे सहावे कलम शेजारी शाळा स्थापण्याचे कर्तव्य शासनावरच टाकते. २०२४ च्या प्रकरणापेक्षा हा दावा अधिक बळकट होईल. वस्त्यांची यादी, अंतरे, पावसाळ्यात ओढे भरतात ते दिवस, एवढे आपण जमवा. याचिकेचा मसुदा मी करतो, आणि फी घेणार नाही."

"यादी देतो. पण ती आधी जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराकडे जाईल. त्यांनी सभागृहात प्रश्न विचारावा, खाजगी शाळांना किती दिले आणि या शाळांवर किती खर्चले याचा हिशेब एकाच कागदावर मागावा. कायदा करणे त्यांचे काम आहे. ते त्यांना करायला लावल्याखेरीज मी न्यायालयाची पायरी चढणार नाही."

"आणि उत्तर आले नाही तर? ४५ व्या अनुच्छेदाची दहा वर्षे पन्नास झाली, गुरुजी. जूनमध्ये सहा वर्षांचे होणारे मूल पुढच्या जूनमध्ये सातचे होईल."

"एक अधिवेशन," गुरुजी म्हणाले. "एवढी मुदत त्यांना द्या."

वकीलसाहेबांनी ती मान्य केली.